बाहुलीचा उसवलेला हात

माझ्या नणंदेला गावातली पोरं 'दुर्बीण' म्हणतात. चष्म्यामुळे नाही, चष्मा तर मलाही आहे. कुणाचा खिसा जरा फुगलेला दिसला की आत काय आहे ते बाहेरूनच ताडायची त्यांना सवय, म्हणून. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा सगळे माझ्याकडे कौतुकाने बघत होते, आणि वन्सं माझ्या बॅगेकडे. त्यांचं स्वतःचं लग्न झालं नाही. स्थळं येत, पण मुलाला त्या असे उलटसुलट प्रश्न विचारत की त्या बिचाऱ्याला चहा पिता पिता घाम फुटायचा. चांगली चांगली माणसं अर्धा कप ठेवून पळाली.

अशा बाईच्या हातात आमच्या सरांनी खेळण्यांच्या संग्रहालयाच्या किल्ल्या दिल्या. सर म्हणजे निवृत्त मास्तर. गावाबाहेरचं धान्याचं जुनं गोदाम साफ करून त्यांनी तिथे पूर्वीच्या मुलांचं जग मांडलं. खुळखुळे, भोवरे, पत्र्याच्या मोटारी, दोरीने ओढायचं लाकडी बदक. एका कपाटात लहान मुठीत मावेल असं खुरपं आणि एवढीशी टोपली आहे. "सगळ्यांच्या वाट्याला खेळणी येत नव्हती, हेही बालपणच," असं सर म्हणतात. त्यांचा नियम एकच होता, पण कडक. मोडलेलं खेळणं मोडलेलंच ठेवायचं, दुरुस्त करायचं नाही. ज्याच्यावर ओरखडा नाही ते खेळणं आईबापांनी कपाटात जपलं, आणि जे मोडलं ते कुणाच्या तरी हातात होतं, असं त्यांचं म्हणणं.

मी दाराजवळच्या तिकीटखिडकीत बसून तिकिटं फाडते. वन्सं आत डोळ्यांत तेल घालून फिरतात. आणि लांबट खोलीच्या टोकाला, उजेडाच्या खिडकीपाशी, खुर्चीत मामंजी बसलेले असतात. मामंजी म्हणजे माझे सासरे, गावचे जुने शिंपी. अलीकडे त्यांचं डोकं आजच्या दिवसात टिकत नाही. एकदा गळ्यात टेप अडकवून घराबाहेर पडले आणि कधीच वारलेल्या गिऱ्हाइकाचं माप घ्यायला निघाले. तेव्हापासून त्यांना घरी एकटं ठेवता येत नाही. सरांनी ती खुर्ची दिली म्हणून ते आमच्यात आहेत, नाहीतर शहरातल्या वृद्धाश्रमाशिवाय इलाज नव्हता. माझ्या नवऱ्याने तिथे चौकशीसुद्धा करून ठेवली होती.

एका सकाळी वन्सं तावातावाने खिडकीशी आल्या.

"वहिनी, आत चोर येतोय."

"काय गेलं?"

"गेलं नाही. आलंय!"

मी जाऊन पाहिलं. तीन चाकांच्या पत्र्याच्या मोटारीला चौथं चाक आलं होतं. कोटाचं मोठं काळं बटण, तारेने नीट बसवलेलं. मला हसू आलं. वन्संनी माझ्या हसण्याकडे अशा नजरेने पाहिलं की ते ओठांतच विरलं.

मग साप समजून भुई धोपटणं सुरू झालं. पहिला संशय दिवे दुरुस्त करणाऱ्यावर, कारण त्याच्याकडे तार असते. मग शाळेची सहल घेऊन आलेल्या बाईंवर, कारण त्या फार गोड बोलल्या. मग बदकाची तुटलेली दोरी कुणीतरी सुबक सांधली, तेव्हा संशय दूधवाल्यावर गेला. तो का, ते त्यांनाच ठाऊक. त्याला तर खेळण्यांची ॲलर्जी असावी, कधी आत डोकावला नव्हता. वन्संचं म्हणणं, "तेच तर! डोकावत का नाही?"

सरांना कळल्यावर ते खरोखरच दुखावले. "हे त्या मुलांना पुसून टाकणं झालं," म्हणाले. तिथेच वन्संनी सगळ्यांदेखत शपथ घेतली, "कोणी का असेना, घरचा असो की दारचा, सापडला की या दारात त्याचं पाऊल पुन्हा पडणार नाही." सरांनीही मान डोलावली.

त्यानंतर कापडी बाहुलीचा हात शिवला गेला.

ही बाहुली मधल्या कपाटात असते. उजवा हात खांद्यापासून उसवलेला, आतला कापूस बाहेर आलेला. ती कुणी दिली ते चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं. वन्संनी भिंगातून टाका बघितला आणि तडक माझ्या ब्लाउजची बाही ओढून तिथला टाका बघितला. दोन्ही सारखे होते. दोऱ्याला गाठ नाही, सुरुवातीला टाक्यावर टाका घालून दोरा पक्का केलेला. मामंजींनी आम्हा दोघींनाही असाच शिकवलेला.

"बोला आता," वन्सं म्हणाल्या.

माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं या बाईने माझी बॅग, माझा डबा, माझी उशिरा आलेली बस, सगळ्यावर संशय घेतला आणि मी तो गिळला. पण शिपायासारखी बाही धरून बोलायचं? मी म्हटलं, "वन्सं, मी पकडून देते तुमचा चोर. मग माझी माफी मागायची." त्या म्हणाल्या, "बघू."

चोर पकडायचा म्हणजे वन्संना पकडायचं, असं माझ्या मनात होतं. किल्ल्या त्यांच्याकडे, मग दुसरं कोण? खोटं कशाला बोलू, एव्हाना त्यांचा रोग मलाही लागला होता. दुपारी सामसूम झाल्यावर मी खिडकी बंद करून मागच्या दाराने आत शिरले आणि तिथे मांडलेल्या जुन्या पाळण्यामागे बसले. थोड्या वेळाने समोरच्या कपाटामागे चष्मा चमकला. वन्सं माझ्यासाठी दबा धरून बसल्या होत्या. दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. दोघींचंही तोंड बघण्यासारखं झालं असणार.

तेवढ्यात खुर्ची करकरली.

मामंजी उठले. त्यांच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता. वन्सं जगात कुणाच्या हाती किल्ल्या देत नाहीत. म्हणूनच फाटकापर्यंत किंवा विहिरीवर जाताना त्या जुडगा वडिलांच्या मांडीवर ठेवून जात, आणि दबा धरायला येतानाही तसाच ठेवून आल्या होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा असा. मामंजींनी मधलं कपाट उघडलं, सदऱ्याच्या कॉलरमागून सुई काढली आणि खुर्चीत परत बसून बाहुली मांडीवर घेतली. चोरी पकडायला म्हणून वन्संनी तो हात पुन्हा उसवून ठेवला होता.

वन्सं पुढे झाल्या. मला वाटलं, आता ओरडतील. आणि मग मला शपथ आठवली. खुर्ची गेली, म्हणजे मामंजी गेले.

"बाबा, हे काय करताय?" त्यांचा आवाज फाटला.

मामंजींनी वर पाहिलं. "रडू नकोस गं. झालंच. दादाला आणखी मारू नका म्हणावं. त्याने नाही तोडला हात."

"मग कुणी?"

"मीच. तू दुकानात झोपली होतीस. बाहुली मशीनखाली पडली, माझ्या पायात आली. ओढली, तर उसवली. गिऱ्हाईक समोर होतं. तू रडत उठलीस, आई दादाला बडवायला लागली, आणि मी टीप मारत राहिलो." त्यांनी दोरा दाताने तोडला. "उद्या शिवतो, उद्या शिवतो, म्हणत राहूनच गेलं."

वन्सं त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसल्या. तेव्हा मला कळलं, बाहुली त्यांचीच. त्यांनीच गुपचूप आणून ठेवली होती. आणि सख्ख्या भावाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्या आजही पिशवी खिडकीत ठेवल्याशिवाय आत का सोडत नाहीत, तेही कळलं. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली, आणि त्या दिवसापासून या बाईने एकेका संन्याशावर नजर ठेवली. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. फार वाईट वाटलं.

त्या संध्याकाळी वन्संनी नियमाप्रमाणे हात उसवला, सरांना कळू नये म्हणून. दुसऱ्या दुपारी मामंजी पुन्हा उठले. पुन्हा शिवला, पुन्हा तेच सांगितलं, जणू पहिल्यांदाच. हे रोजचं झालं. संध्याकाळी लेक उसवायची, दुपारी बाप शिवायचा आणि कबूल करायचा. कुणाच्याही शब्दावर विश्वास न ठेवणारी ती बाई रोज शेजारी बसून ऐकायची आणि म्हणायची, "असू दे हो बाबा."

मग एका दुपारी त्यांनी हात शिवला आणि गप्प बसले. वन्सं वाट बघत राहिल्या. शेवटी त्यांनीच विचारलं, "बाबा, हात कुणी तोडला होता?"

मामंजींनी बाहुली उलटसुलट करून पाहिली. "कुणी का तोडेना. आता पक्का बसलाय. घे, खेळ जा."

त्या संध्याकाळी वन्संनी हात उसवला नाही.

पुढच्या फेरीला सर मधल्या कपाटापाशी थबकलेच. "हे कुणी केलं?"

मी तिकीटखिडकी सोडून आत आले होते. मामंजी खुर्चीत डुलकी घेत होते, जुडगा त्यांच्या मांडीवर. वन्संनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दुर्बीण पहिल्यांदाच ओली झालेली मी पाहिली.

"वहिनींनी," त्या म्हणाल्या. "टाका त्यांचाच आहे, पुरावा आहे माझ्याकडे."

मी मान खाली घातली. "चुकले, सर."

सरांनी आधी त्या टाक्याकडे पाहिलं, मग खुर्चीतल्या मामंजींकडे. "आणि तुमची ती शपथ?" त्यांनी वन्संना विचारलं.

"यांना घालवलं तर तिकिटं कोण फाडणार?" वन्सं चष्मा पुसत म्हणाल्या. "राहू दे. मी लक्ष ठेवते यांच्यावर."