फक्कीच्या भिंती

विसूभाऊंच्या भिंती फक्कीच्या असत, म्हणजे जमिनीवर ओढलेल्या नुसत्या पांढऱ्या रेघा. पण रेघेवरून कुणी पाय टाकला, की हा सहा फुटी माणूस भर उन्हात ओरडे, "अहो, भिंतीतून काय घुसताय? दार तिकडं आहे!" पहिल्या भेटीत मीच हा ओरडा खाल्ला. सांगलीत मी शिकवत असे त्या मुलींच्या शाळेच्या मैदानावर त्यांनी एक बिऱ्हाड आखलं होतं आणि मी घाईघाईत थेट त्याच्या स्वयंपाकघरात शिरले. मीही काही कमी नव्हते. म्हटलं, "विटा आल्या की कळवा, मग वळून जाईन." ते खदखदून हसले आणि लगेच म्हणाले, "बाई, आत आलाच आहात तर सांगा, चूल इथं बरी की तिथं?"

ते आणि त्यांचे भागीदार गोपाळराव, एवढीच त्यांची कचेरी. पाटीवर 'आर्किटेक्ट' लिहिलेलं. गावाला तेव्हा गवंडी ठाऊक, ओव्हरसियर ठाऊक. हा तिसरा प्राणी कोण, हेच कुणाला कळेना. गणेशोत्सवात सगळे आरास करीत, तेव्हा हे दोघे पुठ्ठ्याचं घर मांडून बसत आणि छप्पर उचलून येणाऱ्याजाणाऱ्याला आत डोकवायला लावीत. गोपाळराव कातावून म्हणत, "जत्रेतले खेळवाले झालोय आपण!" विसूभाऊंचं उत्तर ठरलेलं. "अरे, नकाशा दाखवला की लोक माना डोलावतात आणि राहायला गेल्यावर कपाळ बडवतात. काय बडवायचं ते आत्ताच बडवू दे."

तासगावच्या एका शेटजींची मुलगी बाळंतपणात गेली. अडलेल्या पोरीला बैलगाडीतून सांगलीला आणत होते. वाटेतच सगळं संपलं. तिच्या नावानं शेटजींनी प्रसूतिगृह बांधायला घेतलं आणि काम या कचेरीला दिलं. कचेरीचं हे पहिलंच मोठं काम. विसूभाऊंनी दर्शनी बाजूला तीन कमानी काढल्या होत्या, काय देखण्या! शेटजी खूश. कोनशिलेचा दिवस ठरला, पत्रिका वाटून झाल्या. तरी विसूभाऊंचं टुमणं चालूच, की आधी जागेवर फक्की मारून बायकांनी आत फिरून बघितलं पाहिजे.

"मग चैत्रातलं हळदीकुंकू करा तिथं," मी सुचवलं.

"आणि विधवांनी कुठं जायचं? बाळंतपणं त्यांचीही झालीच आहेत की."

माझ्या हे डोक्यातही आलं नव्हतं. शेवटी सगळ्यांनाच नुसतं पन्ह्याला बोलावलं आणि यजमानीण म्हणून मला तासगावला नेलं.

बायका आधी तोंडाला पदर लावून हसत होत्या. "आगं बया, हितं म्हणं भित हाय!" शेटजींच्या पत्नी काशीबाई मात्र गप्प गप्प फिरत होत्या. मग त्या म्हणाल्या, "बाज आणा. अडलेली बाई काय चालत येती व्हय?" बाज आली. एक नवी नवरी हसत हसत तिच्यावर निजली आणि चौघींनी बाज उचलली. एक खूर काशीबाईंनी धरला. दारातून बाज आत गेली. पुढं बोळातून डावीकडं बाळंतपणाच्या खोलीत वळायचं, तर ती वळेचना. मागच्या दोघींचे पाय भिंतीच्या रेघेवर. पुन्हा मागं घेतली, तिरकी केली, पण छे! हसणं थांबलं. काशीबाईंनी बाज खाली टेकवली, नवरी उठून बाजूला झाली.

"माझी पोर वाटंत थांबली म्हणून गेली," त्या म्हणाल्या. "आन् हितं दारात यून बी थांबायचंच व्हय?"

विसूभाऊ बाहेर पुरुषांत उभे होते. चेहरा पार उतरला त्यांचा. ते शेटजींपाशी गेले. "नकाशा माझा, चूक माझी. बोळ रुंद करायला हवा, आणि मग कमानींना जागा उरत नाही."

"कमानी न्हाईत म्हंजे?" शेटजी भडकले. "पत्रिका वाटल्यात, सायेब येणार हाय. लोकांनी लांबनं बघायचं काय?"

"मग पाया मी आखून देणार नाही. दुसरा कुणी बघा."

गोपाळराव मागून त्यांचा कोट ओढत होते. हातातलं काम चाललं, असंच मला वाटलं.

काशीबाई चार पुरुषांत नवऱ्याशी कधी बोललेल्या नव्हत्या. त्या पुढं झाल्या. "आवं, लांबनं बघाय बांधतोय का आपण? पोरीस्नी आत न्ह्याला बांधतोय नव्हं?"

 शेटजी बाजेच्या कडेला बसले आणि रिकाम्या बाजेवरून हात फिरवत राहिले. मग खाली बघतच म्हणाले, "पुसा, इंजिनेरसायेब."

विसूभाऊंनी कमानींच्या रेघा स्वतःच्या पायानं पुसल्या. जीव तुटत होता त्यांचा, मला दिसत होतं.

पुढं माझ्या धाकट्या बहिणीला, ती त्या बाजूच्याच गावात दिलेली, तिथंच न्यावं लागलं. मी बरोबर होते. सगळं निभावल्यावर नर्सला विचारलं, ही इमारत कुणी आखली? "काय की बाई. शेटजींनी बांधली म्हणत्यात." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सांगलीला आल्या आल्या विसूभाऊंना गाठलं आणि म्हटलं, "तुमचं नाव तिथं एकालाही ठाऊक नाही!"

"बाज वाटेत कुठं खाली ठेवावी लागली?"

"नाही."

"मागं घ्या, तिरकी करा, असं काही?"

"नाही हो."

"मग माझं नाव निघेलच कशाला? इमारत चुकली की लोक बांधणाऱ्याचं नाव काढतात, बाई. आईबापासकट!"

विसूभाऊ गेले तेव्हा तासगावहून कुणी आलं नाही. मला वाईट वाटलं, फार वाटलं. राग मात्र आला नाही.