पेन्सिलीची फुली

रविवारी दुपारी फोन वाजला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. पलीकडून बाईचा आवाज आला, "सुनंदाताई, कर्णिकसाहेब गेले." मी वेड्यासारखं विचारलं, "कुठे गेले?" कारण सकाळीच मी त्यांना जिना उतरताना पाहिलं होतं, हातात टाइपरायटरची पेटी घेऊन, दर रविवारी जायचे तसेच. ती बाई म्हणाली, "आमच्याकडेच होते. खुर्चीत बसल्याबसल्या गेले. डॉक्टर येऊन गेले... मी सलमा बोलतेय." सलमाचा आवाज मी सहा वर्षांत ऐकला नव्हता. ज्यांचं दार माझ्या दारासमोर, त्यांच्या जाण्याची बातमी मला तिच्याकडून कळावी, जिला आमच्या इमारतीतून बिऱ्हाड हलवावं लागलं होतं! आणि ते हलवावं लागण्यात माझा वाटा होता. आता या गोष्टीला पाच आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी काकांवर चार शब्द लिहा म्हणून सांगितलं गेलं, तेव्हा 'परोपकारी, निगर्वी' असं काहीबाही लिहून मोकळी होणार होते. ते जमत नाही. माझा गोंधळ झालाय, तो कोणावर काढावा ते कळत नाही, म्हणून कर्णिककाकांवरच काढते.

काका एका सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि आमच्यासारखेच मुंबईतली भाड्याची खोली सोडून मीरा रोडला आले. तेव्हा इथे इमारती कमी आणि मिठागरं जास्त. काकू आधीच गेलेल्या, मूलबाळ नाही. माणूस अंगात ऑफिस घालूनच हिंडायचा. कामवाली सुट्टीवर गेली तर तिच्याकडूनही रीतसर अर्ज घेतील, असं आम्ही त्यांच्या तोंडावर म्हणायचो आणि ते म्हणायचे, "घेतला तर तिच्याच भल्याचं आहे." दंगल झाली त्या हिवाळ्यात त्यांच्या जुन्या ऑफिसातला एक शिपाई त्यांच्याकडे आला. मुंबईतलं त्याचं घर जळालं होतं आणि तक्रार कशी लिहायची ते त्याला कळत नव्हतं. काकांनी ती लिहून दिली, आणि मग लोक येतच राहिले. कोणाच्या दारावरच्या नावाच्या पाटीला डांबर फासलेलं, कोणाला आडनाव ऐकल्यावर दलालाने जिन्यातूनच परत पाठवलेलं, कोणाला भर बाजारात दाढीवरून बोललेलं. मुंबई सोडून इथे आलेल्या माणसांना इथेही तेच. काका गॅलरीत फोल्डिंगचं टेबल मांडायचे, समोरच्याला स्टुलावर बसवायचे आणि मराठी टाइपरायटरवर कार्बन लावून लिहायला घ्यायचे.

त्यांची पद्धत ठरलेली. शिवी जशी दिली तशीच लिहायची. "'अर्वाच्य भाषा वापरली' असं लिहिलं की वाचणारा साहेब जांभई देतो," असं त्यांचं म्हणणं. विशेषण एकही नाही. 'अत्यंत' हा शब्द तर त्यांना खपायचाच नाही. लिहून झालं की सगळं मोठ्याने वाचून दाखवायचं आणि विचारायचं, "असंच झालं ना? कमी नाही, जास्त नाही?" मग त्या माणसाबरोबर चौकीवर जायचं, बाकावर बसायचं आणि तक्रार घेतल्याचा शिक्का आपल्या प्रतीवर मिळेपर्यंत उठायचं नाही. तिथले लोक कंटाळून शिक्का मारायचे. मला तेव्हा हे सगळं म्हाताऱ्या माणसाचं वेळ घालवणं वाटायचं, हेही सांगून टाकते.

सलमा आणि तिचा नवरा हमीद आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. ती चिपळूणकडची, मराठी माझ्यापेक्षा ठसठशीत. गणपतीत माझ्याकडे मोदकांच्या पाऱ्या करायला यायची आणि माझ्या पाऱ्यांना नावं ठेवायची. दंगलीनंतरच्या उन्हाळ्यात इथे पाण्याचे फार हाल होते. टँकर आला की सगळ्या बायका बादल्या, कळश्या घेऊन खाली धावायच्या. एके दिवशी सकाळी सलमा भरलेली बादली घेऊन फाटकातून आत येत होती आणि मी तिच्या मागे, एका पावलावर, कमरेवर भरलेली कळशी. फाटकात कमिटीतला एक सभासद उभा होता. त्याचं नाव इथे लिहीत नाही, तो अजून इथेच राहतो आणि भेटला की मला नमस्कार करतो. त्याने तिच्या बादलीला लाथ घातली. ती आडवी झाली, पाणी वाहून गेलं, आणि तो म्हणाला, "तुमचं पाणी पाकिस्तानात. इथलं आमचं आहे." मग एक घाण शब्द बोलला. सलमाने बादली उचलली आणि वर निघून गेली. मीही कळशी घेऊन वर आले. आमटीला फोडणी दिली.

संध्याकाळी काका आमच्याकडे आले. सलमाची तक्रार टाइप करून आणली होती. खाली 'साक्षीदार' म्हणून माझं नाव होतं आणि त्यापुढच्या रेघेवर त्यांनी पेन्सिलीने एक बारीक फुली मारली होती, सही कुठे करायची ते दाखवायला. म्हणाले, "तुम्ही मागेच होतात असं सलमा म्हणते. होतात ना?"

"होते."

"मग फक्त ऐकलंत आणि पाहिलंत तेवढ्याखाली सही करा. वाचून करा."

मी म्हटलं, ह्यांना विचारते. ह्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर हे कदाचित 'कर' म्हणाले असते, याचीच भीती वाटली असावी... आता काय सांगू. काका म्हणाले, "सावकाश. सही झाल्याशिवाय मी चौकीवर जात नाही," आणि कागद ठेवून गेले.

आता त्यांची चूक. ती मी सहा वर्षं उराशी धरून बसले आहे, त्यामुळे नीटच सांगते. आयुष्यभर ज्याने प्रत्येक कागद उचित मार्गाने पाठवला, त्या माणसाला खालच्या पायरीला वगळून वर जाणं जमेना. तक्रारीच्या शेवटी 'प्रत माहितीसाठी: सचिव, गृहनिर्माण संस्था' असं त्यांनी सवयीने टाइप केलेलं होतं, आणि टाइप केलंय म्हणजे प्रत गेलीच पाहिजे. त्याच संध्याकाळी कार्बनची एक प्रत ते सेक्रेटरींच्या दारातल्या पेटीत टाकून आले. सेक्रेटरी आणि तो सभासद रोज बरोबर फिरायला जाणारे! काकांच्या लेखी सचिव म्हणजे एक खुर्ची. तिच्यावर माणूस बसलेला असतो हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. त्या प्रतीवर सलमाचं नाव होतं, हमीद कुठे कामाला ते होतं आणि माझं नाव होतं, खोली क्रमांकासकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरी आमच्या दारात. बरोबर तो सभासद. दोघेही अगदी गोड. "वहिनी, तुमचं नाव यात कसं काय आलं? काहीतरी गैरसमज दिसतोय." मी दाराची कडी धरून उभी होते. समोरचं दार उघडं होतं आणि दारात काका उभे होते, गंजीफ्रॉकवर, दाढीचा साबण गालाला. मी म्हटलं, "मी बरीच मागे होते हो. टँकरचा आवाज एवढा होता, मला काहीच ऐकू आलं नाही." सेक्रेटरी हसले. "तेच म्हटलं," म्हणाले आणि जिना उतरून गेले. काका माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. कशाने ते मला आजतागायत कळलेलं नाही. मग त्यांनी गालाचा साबण पुसला आणि दार हळूच लावून घेतलं.

काकांनी तक्रार नव्याने टाइप केली आणि ती साक्षीदाराशिवायच गेली. चौकीत तिची नोंद 'पाण्यावरून किरकोळ बाचाबाची' अशी झाली. सोसायटीच्या फलकावर सूचना लागली की काही सभासद खोट्या तक्रारी करून संस्थेची बदनामी करत आहेत. सलमाच्या घराचा पाण्याचा व्हॉल्व्ह कोणीतरी बंद करू लागलं. महिन्याभरात टेम्पो आला आणि ते स्टेशनजवळ त्यांच्या लोकांच्या वस्तीत राहायला गेले. 'त्यांच्या लोकांच्या' असं लिहून गेले बघा... चिपळूणची ती, मोदक वळणारी, तिचे लोक कोण हे मी कधी ठरवलं? टेम्पो भरत होते तेव्हा मी पडद्याआड उभी होते. त्या रात्री मला रडू आलं, पण ते तिच्यासाठी होतं की स्वतःसाठी, सांगता येत नाही.

चार दिवसांनी काका आले, म्हणाले, "चूक माझी आहे, सुनंदाबाई. प्रत आधी द्यायला नको होती." बस. माझ्या खोट्याबद्दल एक अक्षर नाही, ना तेव्हा ना नंतर. मी लगेच म्हटलं, "हो ना, काका, तुम्ही असं कसं केलंत?" त्यांनी मान हलवली. सही न झालेला कागद मागितला, मी दिला, त्यांनी तो घडी न घालता फाइलीत ठेवला. तेव्हापासून त्यांनी सोसायटीला एकही प्रत दिली नाही आणि लोकांना इमारतीत बोलावणंही बंद केलं. दर रविवारी पेटी घेऊन स्वतःच जायचे, कधी जवळच्या इंद्रलोक वसाहतीत, कधी बसने घोडबंदरला, बहुतेक वेळा सलमाच्या घरी, कारण आता लोक तिथे जमायचे. आणि आदल्या शनिवारी संध्याकाळी माझी बेल वाजायची. आधीच्या रविवारच्या तक्रारी मूळ कागदावरून मी मोठ्याने वाचायच्या आणि त्यांनी प्रतीवर बोट ठेवून ताडून बघायचं. ऑफिसात याला रुजवात म्हणतात, असं त्यांनीच सांगितलं.

सहा वर्षं मी हे केलं. परक्या बायकांना दिलेल्या शिव्या माझ्या स्वयंपाकघरात माझ्या तोंडून मोठ्याने वाचल्या. पहिल्यांदा अडखळले तर म्हणाले, "थांबू नका, ज्यांनी ऐकल्या ते थांबवू शकले नाहीत." एकदा वैतागून विचारलं, "मीच का? इमारतीत दुसरं कोणी साक्षर नाही का?" म्हणाले, "तुमचा आवाज स्पष्ट आहे." ही शिक्षा होती का? का त्यांचा माझ्यावर अजून विश्वास होता? का खरंच माझा आवाज स्पष्ट होता, एवढंच? काका, निदान एकदा ओरडायचं होतंत. भांडण झालं असतं, मिटलं असतं. तुम्ही चहा पिऊन, कप स्वतः विसळून निघून जायचात आणि मी तुमच्यावर जळफळत बसायची.

गेल्या आठवड्यात सलमा आली. सहा वर्षांनी ते फाटक ओलांडून, तो जिना चढून. केस बरेच पांढरे झालेत. टाइपरायटरची पेटी आणि एक फाइल तिने टेबलावर ठेवली. "साहेब म्हणाले होते, मला काही झालं तर हे सुनंदाबाईंना दे." फाइलीत सगळ्यात वर तोच कागद होता. कडा पिवळ्या पडलेल्या, कार्बनची प्रत मागे टाचलेली, आणि माझ्या नावापुढे पेन्सिलीची फुली. सहा वर्षांपूर्वीची पेन्सिल एवढी काळी कशी, म्हणून मी कागद उजेडात धरला.

सलमा म्हणाली, "गिरवायचे ते. पुसट झाली की परत. मी म्हटलं एकदा, साहेब, आता कशाला? तर म्हणाले, त्यांना जागा सापडायला हवी."

मी म्हटलं, "सलमा, मी तेव्हा म्हणाले होते की मी बरीच मागे होते."

"माहितेय."

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? माझी बादली पुढे उलटली होती, ताई, आणि माझी ओढणी भिजली मागून. तुमची कळशी हिंदकळली होती." ती शांतपणे बोलत होती. "साहेबांना मी सांगितलं होतं, हे पण लिहा. म्हणाले, हे त्यांचं त्यांनी सांगायचं, आपण लिहायचं नाही."

मग तिने मागची प्रत सोडवून स्वतःच्या हातात घेतली, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "वाचा." शनिवारसारखंच. मी वाचायला लागले. तिचं नाव, तिचं जुनं घर, टँकर, फाटक, लाथ. "तुमचं पाणी पाकिस्तानात," हे मी वाचलं. पुढचा शब्दही वाचला, जो मला टँकरच्या आवाजात ऐकू आला नव्हता. तिचं बोट एकदाही थांबलं नाही. शेवटी ती म्हणाली, "असंच झालं ना?" आणि मी हो म्हटलं.

सही केली. फुली सहीखालून दिसतेय, ती खोडायचा धीर झाला नाही. पण सहीखाली तारीख लागते आणि तिथे माझं पेन अडलं. तेव्हाची घालावी तर ते खोटं. आजची घालावी तर सहा वर्षं मी कुठे होते, ते कागदावर येतं. काका असते तर त्यांनी एका वाक्यात सांगितलं असतं. मी सलमाकडे पाहिलं.

"आजचीच घाला, ताई," ती म्हणाली. "ती सहा वर्षं पण लिहिलेली असू देत."