चाखल्याशिवाय बिल्ला नको

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. मी आठवीत होतो आणि शाळेचं स्काऊट शिबिर कामठीच्या पुढे नदीकाठच्या आमराईत लागलं होतं. अंगात मोठ्या भावाचा खाकी शर्ट, बाह्या आखूड केलेला. त्या बाहीवर लावायला मला एकच गोष्ट हवी होती, स्वयंपाकाचा बिल्ला. परीक्षा साधी: दोनच काड्यांत चूल पेटवायची, संघातल्या आठ जणांची खिचडी करायची आणि सरांनी ती चाखून पास म्हणायचं. रोज एकाची पाळी. निघण्याआधी मायनं मला मिठाचा अंदाज शिकवला होता, "तळहाताचा खड्डा भरला का बस."

पण पाळीच्या पाटीवर माझ्या नावापुढे रोज एकच शब्द, लाकडं. तिसऱ्या दिवशी लाकडं आणि शिवाय संडासाचे खड्डे. "तुझा कुऱ्हाडीवर हात चांगला बसलाय," सर म्हणायचे. गोड बोलायचे, आणि ते गोड बोलणंच मला जास्त झोंबायचं. मी जन्मायच्या आधीच आमचं घर बौद्ध झालं होतं, पण मी कोणत्या वस्तीतून येतो हे सरांना पक्कं ठाऊक होतं. सकाळी झेंड्यापुढे आम्ही सगळे एकमेकांचे भाऊ असल्याचं म्हणायचो. मी सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचो.

सहाव्या दिवशी माझं डोकं सटकलं. मोळी चुलीपाशी टाकली आणि तिच्यावरच बसलो. संघनायक आला, दहावीतला उंच पोरगा.

"ऊठ न बे, चूल पेटवाची हाय."

"आज मी पेटवतो. माही पाळी काहून येत नाही?"

"सरले विचार."

"तूच सांग. पाच दिवस माह्या हातच्या लाकडावर तुमचा भात शिजून राहिला. तवा कोणाचं पोट दुखलं?"

उन्हं चढत होती, भूक सगळ्यांनाच लागली होती. त्यानं काडीपेटी माझ्याकडे फेकली.

चूल एकाच काडीत पेटली. दुसरी मी खिशात ठेवली. डाळ, तांदूळ, हळद, तळहाताच्या खड्ड्याइतकं मीठ, वरून लसणाची फोडणी. पाच जणांनी पत्रावळी पुढे केल्या, दोघे मुरमुरे घेऊन दूर झाडाखाली जाऊन बसले. संघनायकानं दुसऱ्यांदा मागून घेतली. हे मी त्याच्या नावावर आजही जमा धरतो.

मग सर आले. इतरांच्या पातेल्यातून वाटीभर घेऊन "मीठ कमी", "डाळ कच्ची" म्हणणारे सर माझ्या पातेल्यात नुसते डोकावले. "वा! पास!" म्हणाले आणि स्काऊटच्या रीतीप्रमाणे डावा हात पुढे केला.

"सर, चाखा न."

"आज माझा उपवास आहे."

सकाळी सरांनी आमच्यासोबत बसून कांदेपोहे खाल्ले होते. असले उपवास पुढे मी पुष्कळांचे पाहिले, पण तो पहिला. त्यांचा हात तसाच पुढे राहिला. मी पळी सोडली नाही.

शेवटच्या दिवशी सगळ्या पथकासमोर बिल्ले वाटले. माझं नाव पुकारलं गेलं. मी पुढे गेलो, सॅल्यूट ठोकला आणि म्हणालो, "चाखल्याशिवाय नको, सर." मग मागे वळून रांगेत येऊन उभा राहिलो. सरांनी पुढचं नाव घेतलं. लोक मला नंतर म्हणाले, घ्यायचा होता मुकाट्यानं, तुझंच नुकसान झालं. झालं असेल. मला खंत नाही, तेव्हाही नव्हती.

घरी मायनं शर्ट धुवायला घेतला आणि बाही हातात धरून थांबली.

"बिल्ला काहून नाही रे? मीठ चुकलं का?"

"नाही वं माय. मीठ बराबर होतं."