विम्याच्या यादीतलं नाव

नोकरीतली पुष्कळ प्रकरणं मी विसरलो. हे एक मात्र जसंच्या तसं आठवतं, कारण यातली पहिली चूक माझ्या हातची होती. या लेखात कुणाचंही नाव येणार नाही. पोलिसांनी आठवणी लिहिताना तसा शिरस्ताच असतो. एरवी मला त्याचं काही वाटत नाही, या वेळी वाटतं आहे.

एकोणीसशे सत्तरनंतरची दोन-तीन वर्षं असतील. मी नगरला एका ठाण्यात फौजदार होतो. आमच्या हद्दीच्या टोकाला लोखंडाच्या ओतकामाचा एक लहान कारखाना होता. नांगराचे फाळ आणि रहाटाची चाकं तिथे होत. मालक साधा माणूस. त्याचे वडील औषधपाण्यावाचून गेलेले, म्हणून त्याने आपल्या वीस-बावीस कामगारांचा एकत्रित विमा उतरवला होता. कामावर अपघात झाला तर दवाखान्याचा खर्च कंपनी देणार, माणूस दगावला तर वारसाला रक्कम मिळणार. त्या काळात एवढ्याशा कारखान्यात असं कुणी करत नसे. लोक त्याला हसायचे.

एके दिवशी सकाळी भट्टीवर तापल्या रसाचं भांडं कलंडलं आणि एक कामगार भाजला. मालकाने त्याला शहरातल्या एका खासगी दवाखान्यात ठेवलं. चौथ्या दिवशी तो गेला. अकस्मात मयत म्हणून नोंद झाली आणि पंचनाम्याला मी गेलो. मुकादमाने विम्याची यादी पुढे केली. नाव, वय, गाव, वारस आणि अंगठा, सगळं टापटीप. मी त्यावरून मयताचं नाव उतरवून घेतलं. उशाशी एक माणूस गुडघ्यात डोकं घालून बसला होता. "हा धाकटा भाऊ," मुकादम म्हणाला. मी त्याच्या ताब्यात प्रेत दिलं आणि पावतीवर अंगठा घेतला. त्याला एक शब्दही विचारला नाही. हातात इतका चांगला कागद असताना रडणाऱ्या माणसाला कशाला त्रास द्यायचा, असं मला वाटलं. खरं सांगायचं तर जेवायची वेळ झाली होती.

दोन महिन्यांनी एक फाळविक्या ठाण्यात आला. तो याच कारखान्याचा माल घेऊन बाजारोबाजार फिरायचा. खुर्ची दिली तरी बसेना.

"साहेब, मी दारू पीत न्हाई," ही त्याची सुरुवात. "भट्टीवर मेला ना, त्यो मानूस मला राजूरच्या बाजारात दिसला. हिरडं ईकत हुता. मी नावानं हाक मारली तर वळून बघितलं आन् गर्दीत पळाला."

भुतं हिरडे विकत नाहीत, एवढं मला ठाऊक होतं. माझं डोकं तापलं. माझ्या सहीच्या पंचनाम्यात मेलेला माणूस बाजार करतो म्हणजे काय? विम्याच्या रकमेसाठी भलत्याच कुणाला जाळलं की काय, इथपर्यंत माझी मजल गेली. मालकाकडून यादीची प्रत घेतली. एका हवालदाराला बरोबर घेतलं, राजूरच्या ठाण्यात वर्दी दिली आणि यादीतल्या गावच्या पोलीस पाटलाला घेऊन डोंगरावरच्या त्या वस्तीकडे चढू लागलो. चढण उघडी होती. आमची खाकी वरून बऱ्याच लांबून दिसली असणार.

ओसरीवर तोच माणूस बसला होता, ज्याच्या ताब्यात मी प्रेत दिलं होतं.

"तू कोण?"

"धाकटा. दादा भट्टीवर गेला."

पाटलाने मान डोलावली. "भाऊ-भाऊ दिसायला सारकं हायेत, साहेब, मलाबी येकदम वळखू येत न्हाईत. फाळवाला चुकला आसंल."

पाऊण तास मी तेच तेच फिरवून विचारलं, दरडावलं, टेबल नव्हतं म्हणून जमिनीवर काठी आपटली. तो खाली मान घालून तेवढंच म्हणत राहिला. मीही जवळजवळ मानलं होतं. मग आतून एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. कपाळ मोकळं. पाटील म्हणाला, "ही थोरल्याची बायको, बिचारी."

 ती वाकली तेव्हा तिच्या भुवईपाशी कुंकवाचा एक ओघळ राहिलेला दिसला, ओल्या बोटाने घाईत पुसल्यासारखा. मी आत पाहिलं. भिंतीला टेकून दुसरी बाई बसली होती, धाकट्याची. तिच्या कपाळावर ताजं कुंकू होतं, तेही तिरकं लागलेलं. ही सवाष्ण आवाज न करता रडत होती. मी लग्न झालेला माणूस आहे. असं उलटं घर मी कधी पाहिलं नव्हतं.

मी तांब्या खाली ठेवला. "बाई, विम्याचा कागद आला असेल तुम्हाला. वारसाचा."

तिने कणगीमागून एक घडी काढून दिली. मुकादमाने आणून दिलेला कागद होता तो. नवरा मेला, रक्कम मिळावी, असा मजकूर. खाली अंगठ्याची जागा कोरी. कागद येऊन दीड महिना झाला होता.

"अंगठा का नाही केला?"

तिने ओसरीवरच्या त्या माणसाकडे पाहिलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "कुकू पुसलं तर फिरून लावता येतं, साहेब. आंगठा पुसता येत न्हाई."

ओसरीवरचा माणूस तोंडावर हात घेऊन रडू लागला. मी काठी बाजूला ठेवली. मला माझीच लाज वाटली.

हकिगत अशी होती: मेला तो धाकटा, समोर बसलेला थोरला. दोघा भावांची कारखान्यात मिळून एक जागा. एक भट्टीवर असला की दुसरा डोंगरातली शेती बघायचा. दोन-दोन महिन्यांची पाळी. हजेरीपटावर नाव एकच, थोरल्याचं. डोंगरातून येणारी बरीच माणसं अशीच एक जागा वाटून घेत. मुकादमाला ठाऊक होतं, मालकालाही होतं. दोघांपैकी कुणीतरी वेळेवर येतो ना, मग झालं. विम्याच्या यादीसाठी अंगठे घेतले त्या दिवशी पाळी थोरल्याची होती. कामावरच्या प्रत्येकाचं नाव यादीत हवं, माणूस बदलला की लेखी कळवायला हवं, हे त्या कागदांवर बारीक अक्षरात होतं. मालकाने ते दोरीने बांधून कपाटात ठेवले होते. एकाच जागेवर दोन माणसं आहेत म्हणजे यादीत दोन नावं लागतात, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

"त्या दिशी पाळी माजी हुती," थोरला म्हणाला. "भात कापायचं दोन दिस राह्यलं हुतं. मी त्याला म्हनलं, तू हो म्होरं, मी मागनं येतो. त्यो न्हाई म्हनला न्हाई."

"मग दवाखान्यात खरं नाव का नाही सांगितलंत?"

"मुकादम दारातच म्हनला, यादीतलं नाव सांगा, न्हाईतर हितं ठेवून घ्यायचे न्हाईत. भावानं सोताच सांगितलं माजं नाव. कातडी सोलली हुती त्याची, तरी सांगितलं."

  मी न विचारताच तो पुढे बोलू लागला.

"नर्सबाई माज्या नावानं हाक मारायच्या, त्यो व्हय म्हनायचा. मीबी मारायचो. चार दिस मी माज्या भावाला माज्याच नावानं हाक मारली, साहेब. शेवटच्या दिशी मला म्हनला, दादा, येकदा माज्या नावानं बोलीव. नर्सबाई उभ्या हुत्या. मी न्हाई बोलीवलं. म्हनलं, त्या भायेर गेल्या की बोलीवतो. त्या भायेर जायच्या आदी त्योच गेला."

हवालदार माझ्याहून कडक माणूस. तो उठून अंगणात गेला.

नंतर मुकादमाने त्यांना दटावून ठेवलं होतं. खरं बाहेर आलं तर दवाखान्याच्या बिलापायी मालक तुरुंगात जाईल आणि तुम्हीही जाल, हे त्याचं म्हणणं. म्हणून परका माणूस चढण चढताना दिसला की थोरलीने कुंकू पुसायचं आणि धाकटीने लावायचं. जिचा नवरा गेला तिला उघड रडण्याचीही सोय राहिली नव्हती.

कायद्याने बघितलं तर तोतयेगिरी होती आणि खोट्या नावाने दिलेला अंगठाही होता. मी थोरल्याचा अंगठा यादीशी ताडून पाहिला, सगळ्यांचे जबाब घेतले आणि अहवालात जे होतं ते लिहिलं. कोऱ्या जागेचा तो कागद वर जोडला. रक्कम मागितलेलीच नाही, फसवणुकीचा हेतू दिसत नाही, असं म्हटलं. मालकाने दवाखान्याचा खर्च स्वतःहून कंपनीला परत केला. वरिष्ठांनी आणि कोर्टाने प्रकरण तिथेच मिटवलं. मुकादमाची नोकरी गेली. मालकाने यादी नव्याने केली, तिच्यात पाळीवर येणारे झाडून सगळे घातले. पण मेलेला माणूस जुन्या यादीत नव्हता, त्यामुळे कंपनीकडून त्याच्या बायकोला काही मिळालं नाही. विमा तिच्याच घरासाठी उतरवला होता, हे कुणी नाकारलं नाही. तरी मिळालं नाही.

आधी मला वाटायचं, कागद नीट असला की न्याय आपोआप होतो. कागद नीटच होता, त्यावरचा माणूस तेवढा दुसरा होता. मालक चांगला, मुकादमाचाही पहिल्या दिवशीचा हेतू औषध मिळावं एवढाच, आणि मी माझं काम चोख केल्याच्या समाधानात. एवढ्या बऱ्या माणसांनी मिळून एकाचं मरण खोटं केलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मयताचं नाव मी आधी कागदावरून घेतलं नाही. जवळ जो रडत असेल त्याच्या शेजारी बसायचो आणि त्याला विचारायचो.

दुरुस्त केलेला मृत्यूचा दाखला टपालाने पाठवता आला असता. मी स्वतः घेऊन गेलो. दुपारची वेळ होती. थोरला ओसरीवर बसला होता, दोघी जावाही बाहेर आल्या. माझी खाकी बघून धाकटीने सवयीने कुंकू लावलेलं होतं. वाचता कुणालाच येत नव्हतं. धाकटी म्हणाली, "तुमीच वाचा."

मी वाचू लागलो. नावाशी आलो, ते मोठ्याने वाचलं. थोरला म्हणाला, "थांबा, साहेब."

तो उठून अंगणाच्या कडेला गेला. खाली कापून झालेली भाताची खाचरं होती. तिकडे तोंड करून त्याने भावाला नावाने हाक मारली, रानातून जेवायला बोलवावं तशी.  धाकटीने पदराच्या टोकाने आपलं कपाळ पुसलं आणि ती मोठ्याने रडू लागली. थोरलीने तिला जवळ घेतलं.

मी दाखला घडी करून धाकटीपुढे ठेवला आणि उतरणीला लागलो. ते नाव इथे लिहायचं नाही, असा शिरस्ता आहे. मला ते पाठ आहे.