सुल्पीसकाकांची शेवटची चढाई

आल्प्समधल्या ग्रान पारादीसो शिखराच्या माथ्यावरची मारियामातेची मूर्ती हाकेच्या अंतरावर आली, तेव्हा फोटोच्या नादात माझ्या एका बुटाला बांधलेले लोखंडी काटे सुटले आणि बर्फावरून घरंगळत दरीत गेले. 'पाव भाजणाऱ्यानं पावच भाजावेत,' असं बायको सांगत होती.

सुल्पीसकाका माझे वाटाडे. जन्मभर त्यांनी लोकांना याच शिखरावर नेलं. आता गुडघ्यांनी संप पुकारला होता, म्हणून ही शेवटची चढाई. शेवटच्या खेपेला मूर्तीच्या पायांना हात लावून निरोप घ्यायचा, ही आमच्या खोऱ्यातल्या वाटाड्यांची रीत.

"काका, तुम्ही जाऊन या. मी बसतो इथं."

"बस की! परत येईपर्यंत तुझाच पुतळा झालेला असेल."

त्यांनी माझ्या कमरेचा दोर ओढून पाहिला. मग टोपी काढून मूर्तीकडे क्षणभर बघितलं, आणि टोपी घालून मला खाली वळवलं. उतरताना मी घसरत राहिलो, ते दोर ताणून धरत राहिले.

खालच्या निवाऱ्यात गरम सूप पिताना मला राहवेना. "काका, माझ्यामुळं तुमचा मारियामातेचा निरोप घ्यायचा राहिला हो."

काका म्हणाले, "ती काही पडत नव्हती, तू पडत होतास."