सीटमधली सरकी

काल पिंजाऱ्यानं आमची जुनी गादी उसवली, तेव्हा कापसात एक सरकी माझ्या बोटाला लागली. आणि दारव्ह्याच्या अंगणातली काकाची लाल मोटार डोळ्यांपुढे आली.

ती शर्यतीची मोटार होती, बिनटपाची, दोनच माणसांची. जिनिंग कारखान्याचा साहेब गाव सोडून जाताना मोडकी टाकून गेलेला. काकानं ती बैलांनी ओढून घरी आणली आणि एकेक पुर्जा रॉकेलमध्ये धुऊन पुन्हा जोडायला घेतला. साऱ्या अंगणाला रॉकेलचा वास असायचा. सीटा काकूनं शिवल्या. भरायला घरचाच कापूस. तापानं झिजलेली काकू ओसरीवर बसून बोटांनी सरकी काढायची.

एकदा थकून काकाला म्हणाली, "उरला तो तसाच भरते जी. आता बोटं नाई चालत. पन मोटार चालू झाली का पयल्यांदा मले बोरीले माहेरी न्या."

इंजिन सुरू झालं तेव्हा काकू नव्हती. मोटार अंगणातच उभी राहिली.

पावसाळ्यात काकूच्या सीटच्या शिवणीतून पऱ्हाटीचं, कापसाचं रोप वर आलं. आम्ही पोरं हसलो. निंदताना गवत उपटावं तसं मी ते उपटायला वाकले, तर काकानं हात धरला.

"राहू दे वं पोरी. बसली हाये थे."

तेव्हा वाटलं, काकाचं डोकं फिरलं.

काल पिंजाऱ्याला मी म्हटलं, माझ्याच बाजूचा कापूस पिंजा. ह्यांच्या बाजूला अजून त्यांचा खळगा आहे, तो राहू द्या.