चूलबंद आवतण

पुण्यात निम्मी पेन्शन घरभाड्यातच जायची. पासली गावात दोन खोल्या त्याच्या चौथाईत मिळतात असं कळलं, तेव्हा आमच्या ह्यांनीच बेत काढला, आता तिकडंच राहू. बेत दोघांचा, आले मी एकटी. ते त्याआधीच गेले.

अकरा महिन्यांचा करार संपत आला होता. लेक फोनवर सारखी विचारायची, "आई, येतेस ना परत?" मी म्हणायची, बघू. इथं सगळं स्वस्त हो, पण बोलायला माणूस नाही. ज्याला त्याला शेतातली कामं. काही दिवस तर संध्याकाळी तिच्याशी बोलण्याआधी घसा खाकरावा लागे, दिवसभर आवाजच काढलेला नसायचा.

एकदा शेजारीण कुंपणावरून ओरडली, "ताई, उद्या दुपारी नातवाच्या जावळाचं जेवाण. चूलबंद आवतण हाय, बरं का!"

चूलबंद म्हणजे घरातल्या सगळ्यांना जेवायला, त्या दिवशी चूल पेटवायचीच नाही, एवढं मला ठाऊक होतं. पण माझ्या घरात सगळी म्हणजे कोण? म्हटलं, बोलायची रीत असेल. मनापासून असेल तर हाक मारतील. दुसऱ्या दिवशी दुपारचे दोन वाजले, हाक आली नाही. भूक लागली, मी खिचडीचा कुकर लावला.

तिसऱ्या शिट्टीला शेजारीण दारात. "ताई, काय चुकलं आमचं?"

"कुठं काय?"

"मग कुकर कशापायी? मांडवात शिट्टी ऐकू आली. सासूबाई म्हणत्यात, आपलं अन्न ग्वाड लागंना पुणेवालीला!"

"अगं, मला वाटलं, चूलबंद भरल्या घराला असतं. मी तर एकटी."

"एकटीचं घर न्हाई व्हय? चला आता. म्हातारी रुसलीया, तिच्या म्होरं बसून जेवा."

म्हातारी रुसलेलीच. नुसती वाढत राहिली. नको म्हणायची माझी छाती झाली नाही.

घरी आले. घर रिकामं ते रिकामंच. लेकीला सांगितलं, करार वाढवतेय.

"करमतं का गं तुला तिथं?"

"नाही करमत," म्हटलं. "पण इथं मी जेवायला गेले नाही तर कुणाला तरी राग येतो."